ठासणीची जुनी रायफल घ्यायची आहे: एनफिल्ड, स्प्रिंगफील्ड की लोरेन्झ?

वाटसरू

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं पुस्तकांतून आणि संग्रहालयांच्या काचेआडून पाहिल्यावर आता एक तरी ठासणीची रायफल स्वतःच्या संग्रहात असावी असं पक्कं ठरवलं आहे. खरी जुनी हवी, नक्कल नको. तीन समोर आल्या आहेत आणि तिन्हींतली एकच घेता येणार आहे.

पहिली १८५३ पॅटर्नची एनफिल्ड. लॉकप्लेटवर, म्हणजे चापाच्या यंत्रणेच्या पट्टीवर, मुकुट, १८६२ आणि 'टॉवर'. तीनही बँड जागेवर, गज आहे, पण नळीत आतून खड्डे आहेत. दुसरी १८६१ ची स्प्रिंगफील्ड, लखलखीत, आरशासारखी. विकणारा म्हणतो की कोठारातून थेट निघालेली, हात न लागलेली. तिसरी ऑस्ट्रियन लोरेन्झ, १८५४ चं मॉडेल. लॉकवर दुतोंडी गरुड आणि '८६०' असा आकडा. दस्त्यानं बराच मार खाल्लाय, रंग काळपट, पण नळीतले आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, शाबूत दिसतात. तिघींत हीच सगळ्यांत स्वस्त.

माझं मन एनफिल्डकडे ओढतंय, कारण १८५७ च्या उठावातली काडतुसं याच रायफलची. तुम्ही काय घ्याल?

काथ्याकूट

आधी एवढंच सांगा, भिंतीवर लावायची आहे की बार काढायचा आहे? आणि तुमच्या इथला कायदा जुन्या शस्त्रांबद्दल काय म्हणतो ते लेखी पाहून ठेवा. विकणाऱ्याच्या 'अँटिकला काही लागत नाही' या शब्दावर राहू नका. देश बदलला की नियम बदलतो.

तोडेदार

वाटसरू, प्रश्न चांगला मांडलात, पण मॉडेलच्या नावावरून निवड करू नका. या तिन्ही रायफली लाखांच्या हिशेबात बनल्या. नावात फारसा फरक पडत नाही, समोर ठेवलेल्या त्या एका नगात पडतो. उत्तम लोरेन्झ ही खराब एनफिल्डपेक्षा केव्हाही वरची.

आता तुमच्या एनफिल्डबद्दल. मुकुटाच्या खाली 'व्हीआर' ही अक्षरं आहेत का? राणीच्या फौजेसाठी बनलेल्या रायफलींवर ती असतात, आणि दस्त्यावर व धातूवर बाणाची सरकारी खूण असते. नुसता मुकुट, १८६२ आणि टॉवर असेल तर ती बर्मिंगहॅमच्या खाजगी कारागिरांनी निर्यातीसाठी बनवलेली. त्या साली त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे यादवी युद्धात अडकलेली अमेरिका, आणि दोन्ही बाजूंनी खरेदी चालू होती. नळीच्या बुडाशी, डाव्या अंगाला '२५' हा आकडा दोनदा ठोकलेला दिसला तर दचकू नका. तो अनुक्रमांक नव्हे, बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं, माप आहे. .५७७ इंच बोअरच्या नळीवर २५ गेजची खूण पडते.

वाटसरू

तोडेदार, 'व्हीआर' नाही. २५ आहे, दोनदा. आणि गोळी मारायची घाई नाही, पण कधीतरी एखादा बार काढावा असं वाटतं हे खरं.

अभ्यासू

मग १८५७ चा संबंध सोडून द्यावा लागेल. १८६२ ची रायफल पाच वर्षं आधीच्या घटनेत कशी असेल? याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. १८५७ च्या सुरुवातीला बंगालच्या फौजेतल्या बहुतेक शिपायांच्या हातात एनफिल्ड नव्हतीच. तिचं शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट या तीन ठिकाणी नुकतंच चालू झालं होतं. चरबीची कुजबुज जानेवारीत डमडमला सुरू झाली ती तिथूनच. बाकीच्या पलटणींकडे जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केट होत्या.

उठावानंतर जे झालं ते संग्राहकानं नीट लक्षात ठेवायला हवं. हिंदी शिपायांच्या हाती आटे असलेली रायफल द्यायची नाही असं ठरलं, आणि १८५८ चा एक पॅटर्न निघाला. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड, आतून आटे नाहीत, बोअर .६५६ इंच. आधी ती एनफिल्डच्या नळ्या आतून रुंद करून केली, त्यामुळे नळीची भिंत पातळ झाली. म्हणून पुढच्या वर्षी जाड भिंतीची नळी आली. अशा मस्केट आजही 'एनफिल्ड रायफल' म्हणून विकल्या जातात. तोंडाशी उजेड धरून आटे पाहिल्याशिवाय कुणी एनफिल्डला हात घालू नये. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हीही पाहा. लांब पल्ल्याची शिडी नसून साधी अचल साइट असेल तर थांबून पुन्हा विचार करा.

काथ्याकूट

अभ्यासू, म्हणजे ज्याला खरंच हिंदुस्थानातल्या फौजेचा इतिहास हवा, त्यानं ही आटे नसलेलीच शोधावी असं म्हणताय?

अभ्यासू

होय, अगदी तेच. किंवा कंपनी सरकारचं लॉक असलेली. १८०८ पासून कंपनीच्या लॉकवर मागच्या पायांवर उभा सिंह असे, त्याआधी हृदयाच्या आकाराची खूण. तोड्याच्या लांब देशी बंदुका आणि अफगाणी जझाइल हा तर वेगळाच प्रांत आहे. जझाइलवर बऱ्याचदा कंपनीचंच लॉक बसवलेलं सापडतं. नेपाळचंही ध्यानात ठेवा. तिथे एनफिल्ड आणि ब्रन्सविक या रायफलींच्या नकला घडवल्या गेल्या, त्यांवर देवनागरी अक्षरं कोरलेली आहेत, आणि काठमांडूच्या जुन्या सिलेखान्यातला, म्हणजे शस्त्रागारातला, मोठा साठा या शतकाच्या सुरुवातीला बाहेर आला. पण वाटसरूंचा प्रश्न त्यांच्यासमोरच्या तीन नगांचा आहे, त्यामुळे इथेच थांबतो.

तोडेदार

आता स्प्रिंगफील्ड. 'हात न लागलेली' आणि 'आरशासारखी' या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की मी सावध होतो. स्प्रिंगफील्डची नळी मुळात निळी केलेली नसे, ती पांढऱ्या पोलादाच्या रंगाचीच निघे, हे खरं. एनफिल्डची नळी मात्र निळसर काळी असे. म्हणून चमकणाऱ्या स्प्रिंगफील्डला नुसत्या चमकेवरून खोटं म्हणता येत नाही. पण दीडशेहून जास्त वर्षांत लोखंडावर करडी सावली धरतेच. ती कुठेच नसेल तर कुणीतरी घासली आहे. घासल्याचा पुरावा कडांवर मिळतो. नळीच्या बुडाशी 'व्ही', 'पी' आणि गरुडाचं डोकं अशा तीन खुणा असतात. त्या बुजलेल्या असतील, लॉकप्लेटच्या कडा गोलसर झाल्या असतील, तर घासणाऱ्यानं अख्खा एक थर नेला असं समजा.

दस्त्याच्या डाव्या बाजूला, लॉकच्या बरोबर मागे, तपासनिसाच्या आद्याक्षरांचा लंबगोल शिक्का असतो. नखानं त्याच्या कडा जाणवल्या तर लाकूड मूळचं. शिक्का पुसट आणि लाकूड गुळगुळीत असेल तर काचकागद फिरला आहे. लॉकवरचं साल आणि नळीच्या बुडावरचं साल हेही ताडून पाहा. एखाद्या वर्षाचा फरक चालतो.

आणि मोजपट्टी घेऊन जा. युद्धानंतर या रायफली ढिगानं स्वस्तात विकल्या गेल्या. शेतकऱ्यांनी त्यांच्या नळ्या कापल्या, आतून गुळगुळीत केल्या आणि छर्रे मारायला वापरल्या. पुढे संग्राहकांचा भाव आला तेव्हा काहींनी कापलेल्या नळीला तुकडा जोडून पुन्हा ४० इंच केली. दस्त्यालाही पुढे लाकूड चिकटवतात आणि सांधा एखाद्या बँडखाली लपवतात. नळीत बारीक दिवा सोडा. आटे तोंडापासून बुडापर्यंत अखंड दिसले पाहिजेत.

मृण्मयी

मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, म्हणून एक विनंती. पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला 'जरा पुसून दाखवा' असं म्हणू नका. बरेच जण तेवढ्यात पितळ पॉलिश आणि तारेची जाळी घेऊन बसतात. काळपट तपकिरी थर म्हणजे गंज चढत असलेला भाग नव्हे, तो स्थिर झालेला थर आहे आणि खालच्या लोखंडाला राखतो. काळजी करायची ती लाल-केशरी, बोटाला पूड लागणाऱ्या गंजाची. लोरेन्झच्या काळेपणावर तुम्ही नाराज दिसता. मी असते तर त्याच कारणासाठी आधी तिच्याकडे वळले असते.

काथ्याकूट

निपलच्या, म्हणजे ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते त्या खुंटीच्या, आजूबाजूचे खड्डे हे वापराचे असतात, ते दोष मानू नका. टोपीतला मसाला फुटल्यावर जे क्षार उरतात ते लोखंड खातात. उलट गारगोटीच्या बंदुकीत शंका घ्यायची ती जागा तीच. टोपीवर नेलेली बंदूक पुन्हा गारगोटीवर आणली की भाव वाढतो, म्हणून अनेकांनी तसं केलं आहे. जुन्या नळीवर चकचकीत, न खाल्लेला कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, दिसला तर समजून जावं. वाटसरूंच्या तिन्ही टोपीच्या आहेत, त्यामुळे हा त्रास त्यांना नाही.

बार काढण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. जुनीतून मारू नका. पार्कर-हेलनं बर्मिंगहॅमला मूळ मापकांवरून केलेल्या नकला मिळतात, इटलीच्या ब्रेशिया भागात बनणाऱ्याही चांगल्या आहेत. मारायला ती घ्या, जपायला ही.

तोडेदार

काथ्याकूट, इतकं सरसकट नका म्हणू. ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय संघटना, एमएलएआयसी, १९७१ पासून आहे आणि तिच्या स्पर्धांत मूळ जुन्या बंदुकांचा वेगळा विभाग असतो. मिनिए नावाच्या स्पर्धेत लोक १०० मीटरवर दीडशे वर्षांच्या फौजी रायफलीतून मारतात, आणि नकलांना लाजवतात. जाणकारानं नळी तपासली, निपल नवा बसवला, आणि काळ्या दारूखेरीज दुसरं काही घातलं नाही, तर चांगल्या नळीला भीती नाही. धूररहित दारू मात्र चिमूटभरही नाही. या नळ्या लोखंडी पट्टी गुंडाळून वेल्ड केलेल्या आहेत, तो दाब त्यांच्यासाठी नाहीच.

काथ्याकूट

जाणकारानं तपासली तर. माझा मुद्दा तोच आहे. पहिली रायफल घेणाऱ्याला तो जाणकार कुठला हे माहीत नसतं. तोवर नक्कल बरी. आणि नक्कल जुनी म्हणून गळ्यात पडू नये यासाठी नळीच्या बुडाखाली पाहा. इटालियन नळीवर प्रूफच्या खुणा आणि चौकटीत दोन अक्षरांचा सालाचा संकेत असतो. तिथे कानस फिरलेली दिसली तर सौदा तिथेच संपवा.

वाटसरू

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं लिहून घेऊन पुन्हा जाऊन आलो.

स्प्रिंगफील्ड बाद. नळी बरोबर ४० इंच भरली, पण दिवा सोडल्यावर तोंडापासून वीतभर आत एक गोल रेघ दिसली. रेघेच्या पुढे, तोंडाकडे, आटे नाहीतच. वरचा बँड थोडा खाली सरकवला तर त्याच्याखाली लाकडाचे रेषे तुटलेले, पुढे वेगळ्याच लाकडाचे. विकणारा म्हणाला, त्यालाही ठाऊक नव्हतं. असेलही.

एनफिल्डचे खड्डे खोल आहेत, पण लाकूड सुरेख. लॉकच्या आतल्या बाजूला, स्क्रूंवर आणि लाकडात एकसारख्या कानशीच्या रेघा आहेत. ते काय आहे?

लोरेन्झचे आटे चार. तोंडाशी कॅलिपर लावला तर समोरासमोरच्या दोन उंचवट्यांमध्ये १३.९ मिलीमीटरच्या जवळपास येतंय. एनफिल्डला मात्र कॅलिपर धड लागेना.

तोडेदार

स्प्रिंगफील्डचं वाईट वाटलं, पण बरं झालं आत्ताच कळलं.

एनफिल्डला आटे तीन असतात. एका उंचवट्याच्या समोर खाच येते, म्हणून कॅलिपर बोअर सांगत नाही, तिथे नळीत घालायचा मापक, म्हणजे गेजच लागतो. चार आट्यांत उंचवट्यासमोर उंचवटा येतो. तुम्ही मोजलेलं १३.९ हीच लोरेन्झबद्दलची सगळ्यांत चांगली बातमी. अमेरिकेत गेलेल्या कित्येक लोरेन्झ तिथल्या .५८ इंचाच्या गोळीसाठी आतून रुंद केल्या गेल्या. तुमची मूळ मापाची आहे. आणि '८६०' म्हणजे १८६०. ऑस्ट्रियात सालाचे शेवटचे तीनच आकडे ठोकत.

एनफिल्डवरच्या रेघा हे उत्तम लक्षण आहे. बर्मिंगहॅमच्या रायफली हातानं जुळवलेल्या असत, एकीचा भाग दुसरीला बसत नसे, म्हणून कारागीर एका रायफलीच्या सगळ्या भागांवर सारख्या रेघा मारत. त्या जुळल्या म्हणजे तुमची एनफिल्ड आतून एकसंध आहे. स्प्रिंगफील्डचे भाग एकमेकींना बसतात, त्यामुळे दहा रायफलींचे तुकडे जोडून केलेली ओळखणं फार कठीण. हा फरक लोक लक्षात घेत नाहीत.

आता निवड दोघींत. बाहेरून एनफिल्ड, आतून लोरेन्झ. मी लोरेन्झ घेईन. या दोघींत पुढेमागे मारायचा विचार तिच्याच बाबतीत करता येईल, आणि तशी शाबूत पुन्हा चटकन मिळणार नाही. लोरेन्झचा दर्जा कारखान्यागणिक बदलतो, म्हणून चांगली भेटली की सोडू नये.

अभ्यासू

मी एनफिल्डकडे. खोल खड्डे असले तरी न मारता ठेवायची असेल तर त्यांनी काय बिघडतं? जुळणारे भाग आणि न घासलेलं लाकूड जास्त मोलाचं. एक मात्र पाहा, अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांच्या खरेदीची 'जेएस' आणि जहाजाचा नांगर ही खूण तिच्यावर आहे असं सांगून कुणी जास्त मागत असेल तर देऊ नका. ती खूण पाडलेल्या खोट्या खूप आहेत.

मृण्मयी

दोन्ही मतं पटतात, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. वाटसरू, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री केलीत का? लाकडी काठी तोंडातून हलकेच आत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून तीच काठी नळीच्या बाजूला धरा. टोक निपलपर्यंत पोचलं पाहिजे. हे करताना तोंडासमोर कुणी उभं नको, तुम्हीही नाही, आणि निपलवर टोपी नाही हे आधी पाहा.

वाटसरू

एनफिल्ड रिकामी. लोरेन्झमध्ये काठी निपलच्या चार-पाच सेंटीमीटर अलीकडेच थांबते. आत काहीतरी घट्ट आहे. मी मोबाइलचा दिवा घेऊन त्या तोंडात कितीतरी वेळ पाहत होतो, हे आठवून अंगावर काटा आला.

काथ्याकूट

भरलेली आहे असंच धरून चाला. गजानं ठोकू नका, निपल गरम करू नका, पाणी ओतून 'आता विझली' असं मानू नका. काळी दारू भिजून पुन्हा वाळली तरी पेटते. ठासणीच्या बंदुका हाताळणाऱ्या कारागिराकडून काढून घ्या. आणि खर्च विकणाऱ्यानं करावा, सौदा त्यानंतर.

तोडेदार

काथ्याकूटशी पूर्ण सहमत. जुन्या बंदुका भरलेल्या निघणं हे अजिबात दुर्मीळ नाही. कारागिराला एवढंच सांगा की गोळी शक्यतो न चेचता काढा.

वाटसरू

काढली. विकणाऱ्यानं कुरकुर न करता करून दिलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. आधी गोळी निघाली, मग राखाडी गठ्ठा झालेली दारू, तीही कारागिरानं पेटवून दाखवली, फुरफुरत जळली. गोळी बुडाशी पोकळ नाही, भरीव आहे, आणि तिच्या अंगावर दोन खोल गोल खाचा आहेत. कारागिरानं काढताना टोकाला स्क्रूचं भोक पडलं, बाकी शाबूत. लोरेन्झ घेतली.

तोडेदार

अभिनंदन! दोन खोल खाचांची भरीव गोळी ही लोरेन्झचीच. मिनिएची गोळी मागून पोकळ असते आणि दारूचा दाब तिला फुगवून आट्यांत बसवतो. हिच्यात तो दाब मागच्या कडा पुढच्यांवर दाबतो, गोळी आखूड होते आणि रुंदावते. म्हणजे रायफल आणि गोळी एकाच पद्धतीच्या आहेत. ती गोळी रायफलीसोबतच ठेवा, नोंद करा, फोटो काढा.

मृण्मयी

पण लाकडी खणात ठेवू नका, आणि सागवान-ओकच्या पेटीत तर नाहीच. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसं पांढरं पडून भुगा व्हायला लागतं. पॉलिथिनच्या झाकणाच्या डबीत ठेवा, आणि गोळी हाताळल्यावर हात धुवा.

वाटसरू

डबी आणली. दस्त्याला जवसाचं तेल लावू का? घरात आहे.

मृण्मयी

नको. ते काळं पडतं, चिकट राहतं, आणि एकदा मुरलं की परत काढता येत नाही. मऊ कोरड्या कापडानं धूळ पुसा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या, लाकडाला आणि लोखंडालाही. नळीत आतून हलकं तेल, जास्तीचं पुसून. रायफल तोंड खाली करून ठेवा म्हणजे उरलेलं तेल निपलमधून दस्त्यात झिरपणार नाही. आणि लॉक खोलायचा मोह झाला तर आधी स्क्रूच्या खाचेत चपखल बसेल असा पेचकस घासून तयार करा. बाजारातला पाचरीसारखा पेचकस खाचांच्या कडा फाडतो.